दुखणं यकृताचं, गोंधळ डोक्यात: तुमच्या घरी कोणी अनुभवलंय का?

दीपमाळ
बाबांना सिरोसिस, म्हणजे यकृत निबर होत जाण्याचा आजार, आहे हे आम्हाला चार वर्षांपासून माहीत होतं. पोटात पाणी होईल, पाय सुजतील, कावीळ होईल, कधी रक्ताची उलटी होईल, हे सगळं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं आणि आम्ही त्यावर नजर ठेवून होतो. डोक्याबद्दलही कदाचित सांगितलं असेल, पण आमच्या कानावरून गेलं.

सुरुवात झोपेपासून झाली. रात्रभर टक्क जागे आणि दिवसा जेवता जेवता पेंगायचे. वयामुळे होत असेल म्हणून सोडून दिलं. मग हिशेबाची वही. बाबा आयुष्यभर रोजचा खर्च लिहीत आले, अक्षर छापल्यासारखं. त्या दोन-तीन आठवड्यांत ओळी खाली घसरायला लागल्या, बेरजा चुकायला लागल्या, एकच नोंद तीनदा. शर्टाची बटणं वरखाली. मधेच चिडायचे, मधेच विनाकारण हसायचे. एकदा टीव्हीचा रिमोट कानाला लावून 'हॅलो, हॅलो' करत बसले होते.

मी त्यांना रागावले. 'मुद्दाम करता का बाबा?' असं विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले, उत्तर दिलं नाही. आता कळतंय, त्यांना उत्तर जुळवता येत नव्हतं. हे इथे लिहिताना सुद्धा घशात अडकतंय, पण लिहिते, कारण माझ्या जागी आत्ता कोणी असेल तर त्याने तरी रागावू नये.

एका सकाळी ते कपाटाचं दार उघडून, हेच न्हाणीघर असं समजून उभे होते. मला ओळखलं नाही. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला? 'यांना शौचाला कधी झाली?' मला वाटलं, माणूस मला ओळखत नाहीये आणि हे पोटाचं काय विचारताहेत! तीन-चार दिवस झाली नव्हती. मग हात पुढे धरायला लावले, रक्त घेतलं, डोक्याचा स्कॅन काढला, पोटातलं पाणी तपासायला पाठवलं, आणि लॅक्टुलोजचा एनिमा दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी डोळे उघडून विचारलं, 'आज वार कोणता?' तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र मागितलं.

या अवस्थेचं नाव हिपॅटिक एन्सेफॅलोपथी. सिरोसिस असलेल्या दर शंभर जणांपैकी तीस ते चाळीस जणांना आजाराच्या प्रवासात कधी ना कधी उघड दिसेल अशा स्वरूपात ती होते. इतकी सर्रास गोष्ट आणि आम्हाला तिचं नाव माहीत नव्हतं. मला समजलं ते सांगते, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करा.

प्रथिनं पचताना आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू नत्र असलेले पदार्थ फोडताना अमोनिया तयार होतो. आतड्याचं अस्तरही ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल वापरताना अमोनिया सोडतं. आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी यकृतात जातं. तिथे अमोनियाचा युरिया होतो, तो निरुपद्रवी, लघवीतून निघून जातो. ही साखळी हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली उलगडली. यकृत निकामी होत गेलं की अमोनिया तसाच पुढे, सगळ्या शरीरात आणि मेंदूत पोहोचतो. मेंदूत युरियाचं पूर्ण चक्र चालत नाही. तिथे ॲस्ट्रोसाइट नावाच्या, चांदणीसारख्या आकाराच्या पेशी अमोनियाला ग्लुटामेटशी जोडून ग्लुटामिन बनवतात. म्हणजे मेंदूला वाचवायला या पेशी विष स्वतःच्या पोटात घेतात. पण ग्लुटामिन साठलं की ते पाणी ओढून घेतं आणि पेशी फुगतात. मज्जापेशींना सांभाळणारी, त्यांच्यातल्या रसायनांचा तोल राखणारी माणसंच आजारी पडल्यासारखं होतं ते.

तुमच्या घरी कोणाला असं झालंय का? काय करता, काय टाळता? बाबा आता घरी आहेत. मला रोज भीती वाटते.

वाटसरू
ताई, तुमचं लिहिणं वाचून हात थांबले. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं आणि आम्ही आठ महिने स्मृतिभ्रंश समजून फिरत होतो. रस्त्यात झोकांड्या जायच्या, बोलणं जड. बघणाऱ्यांना वाटायचं प्यायलेत. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांचं यकृत हेपटायटिस बी ने गेलं होतं आणि ते आम्हाला बरंच नंतर कळलं. लोकांच्या त्या नजरा सासूबाई आजही विसरलेल्या नाहीत.

कडुलिंब
मी यकृतविकारांच्या विभागात काम करते. दीपमाळ, तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे. दोन गोष्टी जोडते.

पहिली, रक्ताच्या आडवाटा. सिरोसिसमध्ये यकृत निबर होतं, पोर्टल व्हेनमधला दाब वाढतो आणि रक्त यकृताला वळसा घालून बाजूच्या शिरांमधून निघून जातं. म्हणजे यकृताची थोडी ताकद शिल्लक असली तरी अमोनिया त्याच्या हाती लागतच नाही. याचा प्रयोग फार जुना आहे. निकोलाय एक यांनी १८७७ साली कुत्र्यांमध्ये पोर्टल व्हेन थेट खालच्या महाशिरेला जोडली. पुढे १८९३ मध्ये पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कुत्रे जगवून दाखवले. त्यांना मांस खायला दिलं की ते चिडके व्हायचे, चाल बिघडायची, झटके यायचे, बेशुद्ध पडायचे. यकृत जागेवर होतं, फक्त रक्त त्याच्यातून जात नव्हतं. माणसांमधल्या या अवस्थेचं सविस्तर वर्णन शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली केलं.

दुसरी, एकट्या अमोनियावर खापर फोडून भागत नाही. अंगात जंतुसंसर्ग असला, दाह असला, की तेवढ्याच अमोनियाला मेंदू जास्त बळी पडतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी पोटातलं पाणी तपासायला पाठवलं. त्या पाण्यात संसर्ग झालेला असतो आणि ताप येतोच असं नाही, पोट दुखतंच असं नाही. कधी कधी गोंधळलेला रुग्ण हीच त्या संसर्गाची एकमेव खूण असते.

हात पुढे धरायला का लावले तेही सांगते. हात लांब करून मनगटं मागे वळवायची, समोरच्याला 'थांब' म्हणताना तळहात दाखवतो तसे. या आजारात हात क्षणभर गळतात आणि लगेच सावरतात, पुन्हा गळतात. पंख फडफडल्यासारखं दिसतं. पण हा खरा कंप नाही, स्नायूला धरून ठेवणारा आदेश मधेच तुटतो. रेमंड ॲडम्स आणि जोसेफ फोली यांनी १९४९ साली याची नोंद केली. मूत्रपिंड निकामी झाल्यावर किंवा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यावरही हे दिसतं, त्यामुळे एवढ्यावरून निदान होत नाही. आणि रुग्ण गाढ बेशुद्धीत गेला की हे दिसेनासं होतं.

ओंजळ
आमच्याकडे आईचा अमोनियाचा रिपोर्ट दर महिन्याला काढतो. गेल्या वेळी आकडा जास्त आला पण आई एकदम व्यवस्थित. त्याआधी आकडा कमी होता तेव्हा मात्र ती गोंधळलेली होती. रिपोर्ट चुकतात का?

कडुलिंब
ओंजळ, रिपोर्ट चुकूही शकतो, कारण हा नमुना फार नाजूक असतो. नळीत रक्त पडून राहिलं तर त्यातच अमोनिया वाढत जातो. दंडाला पट्टा घट्ट आवळून ठेवला, मूठ वारंवार वळली, तरी आकडा वाढतो. नमुना बर्फात ठेवून ताबडतोब तपासावा लागतो. पण सगळं नीट केलं तरी आकडा आणि रुग्णाची अवस्था हातात हात घालून चालत नाहीत. सिरोसिसच्या रुग्णात या आकड्याचा खरा उपयोग उलट बाजूने होतो: माणूस गोंधळलेला आहे आणि अमोनिया मात्र अगदी सामान्य आलाय, तर 'हे दुसरंच काही नाही ना?' असं विचारायचं. आईची अवस्था आकड्यापेक्षा तुम्हाला जास्त कळते. ती नीट असेल तर निव्वळ आकड्यासाठी दर महिन्याला रक्त काढायची गरज सहसा नसते. तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

रानवारा
सिरोसिस नसताना पण हे होतं. माझ्या धाकट्या बहिणीला झालं. तिचं यकृत ठणठणीत होतं. ताप आणि अंगदुखी म्हणून ती पॅरासिटामॉल घेत होती, आणि सर्दीचं औषध वेगळं. त्या सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल होतं हे कोणी वाचलंच नाही. अंगात कसर म्हणून काही जात नव्हतं, उपाशीच होती, आणि चार-पाच दिवस दोन्ही चालू. मग उलट्या, मग डोळे पिवळे, आणि त्यानंतर तिने आईला विचित्र उत्तरं द्यायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, कावीळ झालेला माणूस असंबद्ध बोलायला लागला की आता तास मोजायचे. तिला थेट अतिदक्षता विभागात ठेवलं, पॅरासिटामॉलवरचा उतारा असलेल्या एन-ॲसिटिलसिस्टीनची सलाइन लावली, प्रत्यारोपणाच्या यादीचीही तयारी झाली होती. तिचं यकृत स्वतःहून सावरलं. बारा दिवसांनी घरी आली.

मला कोणी सांगेल का, दीपमाळ यांच्या बाबांना एनिमाने दोन दिवसांत बरं वाटलं, मग बहिणीच्या वेळी सगळे इतके घाबरलेले का होते?

कडुलिंब
रानवारा, कारण दोन्हींत अमोनिया तोच असला तरी मेंदूला मिळालेला वेळ वेगळा असतो.

सिरोसिसमध्ये अमोनिया महिनोन् महिने हळूहळू वाढतो. ॲस्ट्रोसाइटमध्ये ग्लुटामिन साठायला लागलं की त्या पेशी आपल्यातली दुसरी विरघळणारी द्रव्यं, मायो-इनॉसिटॉलसारखी, बाहेर टाकतात. आत भर पडते तेवढी दुसरीकडून कमी करतात, म्हणून सूज बेताची राहते. तीव्र यकृतनिकामीपणात सगळं काही दिवसांत घडतं. एवढ्या वेळात ही तडजोड जमत नाही. पेशी झपाट्याने फुगतात, मेंदूलाच सूज येते, आणि कवटी तर हाडाची, ताणता येत नाही. आतला दाब वाढला की रक्तपुरवठा कमी होतो, आणि दाब फारच वाढला तर मेंदूचा भाग खाली सरकून श्वासाचं केंद्र दाबलं जातं. म्हणून अशा रुग्णाचं डोकं थोडं उंच ठेवतात, सोडियम जपतात, गरज पडली तर श्वासाच्या यंत्रावर घेतात, आणि अमोनिया खाली आणायला रक्तशुद्धीकरणही सुरू करतात. शिवाय यकृत बंद पडलं की रक्तातली साखर अचानक घसरते. तीही वेगळी बेशुद्धी आणते.

आधी यकृताचा आजार नसताना काविळीनंतर भान हरपायला लागणं आणि रक्त गोठायला वेळ लागणं, ही जोडी दिसली की प्रत्यारोपणाची सोय असलेल्या ठिकाणी त्याच दिवशी हलवायला हवं. तुमच्या बहिणीच्या डॉक्टरांची घाई योग्य होती. ती वाचली याचा मनापासून आनंद झाला.

आणि सगळ्यांसाठी: औषधाच्या पाकिटावर घटक वाचा. तापाच्या, सर्दीच्या, अंगदुखीच्या, डोकेदुखीच्या गोळ्यांमध्ये एकच पॅरासिटामॉल लपलेलं असतं.

पाऊलखुणा
दीपमाळताई, आमच्याकडे माझ्या नवऱ्याचं असं झाल्यापासून मी डाळी, दूध, सगळं बंद केलं आहे. अमोनिया प्रथिनांपासून होतो म्हणतात ना. फक्त पेज आणि फळं देते. सहा महिन्यांत एकदाच त्रास झाला. तुम्ही पण बंद करा.

दीपमाळ
पाऊलखुणा, मलाही पहिल्या दिवशी हेच वाटलं होतं आणि मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं. कारण ऐकून मी चक्रावले. यकृत थकलं की अमोनिया पचवायचं काम स्नायू अंगावर घेतात. स्नायूही अमोनियाचं ग्लुटामिन करतात. प्रथिनं तोडली की शरीर स्वतःचे स्नायू खातं, म्हणजे अमोनिया घेणारी उरलीसुरली जागाही आपणच बंद करतो. बाबांचे दंड बघितले तेव्हा कळलं, किती झिजले होते ते.

कडुलिंब
दीपमाळ यांनी लिहिलंय ते मी ठळक करून लिहिलं असतं. पाऊलखुणा, कृपा करून आजच बदला. प्रथिनं बंद करायची पद्धत जुन्या काळी होती, त्यामुळे घरोघरी अजून सांगितली जाते. आता सल्ला आहे तो रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांचा. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळी-कडधान्यांतली आणि दुधातली प्रथिनं मांसापेक्षा जास्त मानवतात, आणि वनस्पतींमधल्या तंतूंमुळे पोटही साफ राहतं.

आणखी एक, जे फार कमी जण करतात. सिरोसिसच्या यकृतात साखरेचा साठा तुटपुंजा असतो. निरोगी माणसाचं शरीर दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर जे करतं, ते यांचं शरीर एका रात्रीच्या उपाशीपणात करायला लागतं, म्हणजे स्नायू मोडून साखर बनवतं. म्हणून झोपायच्या आधी थोडं खायला द्यायचं, आणि सकाळी उठल्यावर फार वेळ रिकाम्या पोटी ठेवायचं नाही. दिवसा थोडं थोडं, चार-पाच वेळा. उपवास तर नकोच.

पाऊलखुणा
सहा महिने मी त्यांना उपाशी ठेवलं असंच झालं की हो. वजन अकरा किलो उतरलंय. मला वाटायचं पथ्यामुळे उतरतंय, चांगलं आहे.

दीपमाळ
पाऊलखुणा, तुम्ही जे केलं ते त्यांच्यासाठीच केलंत. मी आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं होतं, एकदम सगळं वाढवायचं की हळूहळू. त्या म्हणाल्या, इतकं वजन उतरलेल्या माणसाचं खाणं तपासण्या करून, टप्प्याटप्प्याने वाढवतात. त्यामुळे उद्याच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि अकरा किलोंचं आवर्जून सांगा.

वाटसरू
पोट साफ राहण्यावरून लिहितो. लॅक्टुलोज हे साधं जुलाबाचं औषध आहे असं समजून सासरे ते टाळायचे. 'मला झालीय की शौचाला, आज नको.' आम्हीही आग्रह करायचो नाही. ते काम कसं करतं हे समजल्यावर त्यांचा विरोध संपला. लॅक्टुलोज ही अशी साखर आहे जी लहान आतड्यात पचत नाही. ती मोठ्या आतड्यात पोहोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आतडं आम्लधर्मी होतं. आम्लात अमोनियाचं रूप बदलून अमोनियम होतं आणि ते रक्तात सहज शिरू शकत नाही, आतड्यातच अडकतं आणि शौचावाटे निघून जातं. या आजारात हे औषध १९६६ सालापासून वापरात आहे.

आमच्या डॉक्टरांनी मापाची बाटली बाजूला ठेवायला सांगितली आणि म्हणाले, दिवसाला दोन ते तीन मऊ शौच होतील इतकं औषध, हेच माप. एक झाली तर वाढवायचं, पाच झाल्या तर कमी करायचं. जास्त झालं की शरीरातलं पाणी जातं आणि त्यानेच पुन्हा गोंधळ सुरू होतो. आमचं एकदा तसं झालंय. जुलाब होत असताना आम्ही औषध चालूच ठेवलं आणि सासरे पुन्हा बरळायला लागले.

कॅलेंडरवर रोज शौचाची संख्या लिहितो. त्यांना सुरुवातीला फार संकोच वाटायचा. आता स्वतःच लिहितात.

निरगुडी
माझ्या भावाला लॅक्टुलोज चालू असतानाही वर्षात तीनदा भरती करावं लागलं. मग रिफॅक्सिमिन जोडलं. हे प्रतिजैविक आतड्यातच राहतं, रक्तात जवळजवळ जात नाही. ५५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. याचा मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. २९९ रुग्ण होते, बहुतेकांना लॅक्टुलोज चालूच होतं. सहा महिन्यांत या गोंधळाचा पुन्हा झटका आला तो रिफॅक्सिमिन घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के जणांना, न घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के जणांना. भावाला सव्वा वर्षात एकदाही भरती करावं लागलेलं नाही.

पण मला वेगळंच विचारायचं आहे. त्याच्या पोटात पाणी वारंवार होतं म्हणून टिप्स करायचं ठरतंय. त्याने मेंदूचा त्रास वाढतो असं ऐकलं.

कडुलिंब
निरगुडी, प्रश्न अगदी योग्य. टिप्स म्हणजे यकृताच्या आतून जाळीची नळी टाकून पोर्टल व्हेनमधलं रक्त थेट पुढच्या शिरेत सोडणं. दाब उतरतो, पाणी कमी होतं, रक्तस्राव थांबतो. पण वर सांगितलेली आडवाट इथे आपण हाताने बनवतो. म्हणून साधारण तिघांतल्या एकाला नंतर हा गोंधळाचा त्रास होतो. ज्यांना आधीच वारंवार झटके आलेत, वय जास्त आहे, स्नायू झिजलेत, त्यांच्या बाबतीत दहादा विचार करतात. झालाच त्रास तर औषधं वाढवतात, नाहीतर नळी आतून अरुंद करता येते. तीन भरत्यांचा इतिहास ठरवणाऱ्या डॉक्टरांपुढे नक्की मांडा, तारखांसह.

ओंजळ
झोपेच्या गोळीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. आई रात्री झोपत नव्हती म्हणून नेहमीच्या दवाखान्यातून झोपेची गोळी आणली. दोन रात्री दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही, हाक मारली की डोळे किलकिले करायची. नंतर समजलं की रात्री न झोपणं हीच एन्सेफॅलोपथीची सुरुवात होती आणि त्यावर आम्ही मेंदूला आणखी गुंगी आणणारं औषध दिलं. त्या दवाखान्यात यकृताच्या आजाराचं आम्ही सांगितलंच नव्हतं, चूक आमची. आता तिच्या पर्समध्ये एक कार्ड असतं: यकृताचा आजार आहे, झोपेची आणि गुंगीची औषधं विचारल्याशिवाय देऊ नयेत.

कडुलिंब
ओंजळ, धन्यवाद. बेन्झोडायझेपीन जातीच्या गोळ्या, अफूपासूनची वेदनाशामकं, गुंगी आणणारी काही सर्दीची औषधं, ही सगळी यात आली. इतर कारणं म्हणाल तर बद्धकोष्ठ, संसर्ग, पोटात रक्तस्राव, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे पाणी आणि पोटॅशियम कमी होणं. काळी, डांबरासारखी शौच झाली तर थांबू नका. आतड्यात सांडलेलं रक्त म्हणजे जिवाणूंच्या हाती पडलेली प्रथिनंच. आणि पोटॅशियम कमी झालं की मूत्रपिंड स्वतःच जास्त अमोनिया बनवून रक्तात सोडतं.

आणि एक कळकळीची विनंती. प्रत्येक गोंधळ अमोनियाचाच असं गृहीत धरून घरी लॅक्टुलोज पाजत बसू नका. या रुग्णांच्या प्लेटलेट कमी असतात, रक्त लवकर गोठत नाही, तोल जाऊन पडतात. डोक्याला मार लागून कवटीत रक्त साठलं तरी दिसायला असंच दिसतं. झोपाळलेल्या माणसाच्या तोंडात औषध ओतलं तर ते फुप्फुसात जातं. नीट गिळता येत नसेल तर तोंडाने काही देऊ नका, उचलून न्या.

वाटसरू
डॉक्टर, सासरे आता बोलण्या-चालण्यात अगदी नीट आहेत आणि गाडी चालवायची म्हणतात. नाही म्हणायचं तर त्यांचा स्वाभिमान दुखावतो. काय करावं?

कडुलिंब
वरवर सगळं नीट दिसत असतानाही मेंदूचा वेग आणि अवधान कमी झालेलं असू शकतं. याला सूक्ष्म किंवा झाकलेली एन्सेफॅलोपथी म्हणतात. गप्पा मारताना कळत नाही, कारण भाषा शाबूत असते. पण एकाच वेळी आरसा बघणं, समोरचा वेग ओळखणं, पाय ब्रेकवर नेणं, हे जमत नाही. आणि गंभीर भाग असा की रुग्णाला स्वतःला आपण उत्तम चालवतो असंच वाटतं. यासाठी चाचण्या असतात: विस्कळीत मांडलेले आकडे क्रमाने रेषेने जोडणं, रंगांची नावं आणि शाईचे रंग यांचा घोळ सोडवणं. एक अगदी सोपी आहे, एका मिनिटात जितकी आठवतील तितक्या प्राण्यांची नावं सांगायची. दहापेक्षा कमी आली तर काळजीचं, पंधरापेक्षा जास्त आली तर दिलासा. यावर घरी निदान करायचं नाही, पण आठवड्याला एकदा विचारून आकडा लिहून ठेवलात तर घसरण लवकर दिसते. चाचण्या होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी नको. हे घरच्यांनी सांगण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून आलं तर त्यांना कमी लागेल.

निरगुडी
प्रत्यारोपण झालं की मेंदू पूर्ववत होतो का?

कडुलिंब
नवं यकृत काम करायला लागलं की अमोनियाचा प्रश्न सुटतो आणि बहुतेकांमध्ये खूप मोठा फरक पडतो. एरवी एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या भागात मँगनीज साठून जो पांढरा उजाळा दिसतो, तोही पुढच्या महिन्यांत ओसरतो. पण ज्यांना वारंवार, मोठे झटके येऊन गेलेत त्यांच्यात शिकण्याच्या आणि लक्ष देण्याच्या क्षमतेत थोडी उणीव मागे राहू शकते. आधी आपण हा विकार शंभर टक्के उलटणारा मानत होतो, आता तसं छातीठोक म्हणत नाही. म्हणूनच पुढचा झटका टाळण्यावर इतका भर. उघड झटका येऊन गेला असेल तर प्रत्यारोपण केंद्रात एकदा तपासून घेणं योग्य, पुढे करायचं की नाही ते नंतर ठरेल.

पाऊलखुणा
आज दाखवून आणलं. आहार लिहून दिलाय, हळूहळू वाढवायचा आहे, रात्री झोपताना खायचं आहे. दंडाचा घेर मोजून ठेवलाय. डॉक्टर रागावले नाहीत. मी यांना सगळं समजावून सांगितलं तर म्हणाले, 'मला भूक लागायची, पण तू इतकं करतेस म्हणून बोललो नाही.'

दीपमाळ
पाऊलखुणा, वाचून डोळे भरले. जवळ बसायला हवं होतं तुमच्या.

आमच्याकडचं सांगते. काल बाबांना मी शेवटी विचारलं, त्या दिवसांतलं काही आठवतं का. म्हणाले, कपाटाचं आठवत नाही. पण तू रागावलेली आठवते, आणि काय चुकलं ते कळत नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी हिशेबाची वही पुढे केली आणि ती पानं दाखवली. ओळ कुठून घसरायला लागली ते आम्ही दोघांनी मिळून शोधलं. मी ज्या दिवशी पहिल्यांदा काही वेगळं वाटल्याचं धरत होते त्याच्या नऊ दिवस आधीची ती नोंद होती. आता ते रोज रात्री वहीत एक वाक्य जास्त लिहितात आणि मी अक्षर बघते. काय काय करायचं तेही त्यांनीच ठरवलंय: अक्षर घसरलं की प्राण्यांची नावं विचारायची, आणि ती कमी आली की त्यांना न विचारता दवाखान्यात न्यायचं. तसं त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली सही केली आहे.